येऊ द्या, येऊ द्या... आता कोण म्हणणार?

द्वारका चौकात कधीतरी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. मुद्दाम वेळ काढायची गरज नाही, सिग्नल तेवढा वेळ देतोच. डोक्यावर उड्डाणपूल, खाली मुंबई-आग्रा आणि पुण्याकडे जाणारा असे दोन मोठे रस्ते एकमेकांत अडकलेले. मधूनमधून रिक्षा, सिटीलिंक बस, कॉलेजच्या टू-व्हीलर आणि भाजीचा टेम्पो. या सगळ्या गर्दीत कडेच्या एखाद्या गल्लीतून एक ट्रक उलटा येत असतो. त्याच्या मागे पायात स्लीपर घातलेला एक पोरगा उभा असतो. एका हातानं तो रिक्षावाल्याला थांबवतो, दुसऱ्या हातानं फाळक्यावर थाप मारतो आणि ओरडतो, ‘येऊ द्या, येऊ द्या उस्ताद... डावा काटा... बस्स!’

नीट बघा, तो तुमच्याच वयाचा असतो. अठरा, फार तर वीस-बावीस.

हा पोरगा म्हणजे ट्रकचा क्लीनर आणि आजवर आपल्याकडे ट्रकचा ‘रिव्हर्स कॅमेरा’ म्हणजे तोच. आता त्याची नोकरी कागदावरून पुसायला लागलीय. २०२५ च्या जुलैत राज्यातल्या मालवाहतूकदारांनी संप केला, तो आठवतोय? बातम्यांत ई-चलानचा विषय गाजला. पण मागण्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट होती, जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती काढा. मालकांचं म्हणणं साधं होतं. क्लीनर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत, आणि नसला की दंड भरावा लागतो. त्यानंतर त्याच वर्षी राज्य सरकारनं नियम बदलायचा मसुदा काढला. ज्या जड मालवाहनात ‘ड्रायव्हर असिस्ट सिस्टीम’ बसवलेली असेल, त्याला क्लीनर ठेवायच्या सक्तीतून सूट, असा त्याचा सूर. सरळ मराठीत सांगायचं तर पोरगा नको असेल तर यंत्र लावा.

ही बातमी तुमच्या-माझ्या मोबाइलवर आली आणि वर सरकून गेली. तिच्यात आपल्या कामाचं काय असणार असं वाटलं असेल. पण त्या ट्रकच्या मागे स्कूटीवर कोण असतं? आपणच असतो ना!

मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरला मागचं काय दिसतं, तर दोन्ही बाजूंच्या आरशांत हौद्याच्या कडा आणि त्यांच्या लगतची पट्टी. हौद्याच्या बरोबर मागे जे काही आहे, ते त्याच्यासाठी नाहीच. केबिनच्या मागच्या काचेतून बघायचं तर समोर कांद्याच्या गोण्या. गंमत बघा, चार मीटरच्या कारला १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात रिव्हर्स सेन्सर सक्तीचा झाला. त्या सक्तीत बारा-चौदा मीटरचे ट्रक नव्हते. जिला मागचं बऱ्यापैकी दिसतं, तिला यंत्र मिळालं. ज्याला काहीच दिसत नाही, त्याच्या वाट्याला स्लीपरवाला पोरगा.

आणखी एक नियम यात नकळत भर घालतोय. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या आणि मध्यम ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. ही चांगलीच गोष्ट आहे, मे महिन्यात मनमाडच्या रस्त्यावर त्या केबिनमध्ये बसून बघा म्हणजे कळेल. पण एसी म्हटला की काचा वर. मग फाळक्यावरची थाप आणि ‘बस्स’ आत ऐकू कसं येणार? म्हणजे क्लीनर ठेवला तरी त्याचा आवाज पोचायचं काहीतरी बघावं लागणार आहे.

आता मुद्द्यावर येऊ. ड्रायव्हर असिस्ट सिस्टीम म्हटलं की कंपनीचं महागडं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. केंद्रानंही २०२५ मध्ये मोठ्या वाहनांसाठी आपोआप लागणारे ब्रेक, ड्रायव्हरला डुलकी लागली तर इशारा अशा गोष्टींचा मसुदा काढलाय, पण तो नव्यानं येणाऱ्या गाड्यांसाठी. जे ट्रक आज रस्त्यावर आहेत, जे ट्रॅक्टर पिंपळगाव बसवंत आणि लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॉल्या घेऊन रांगेत उभे असतात, त्यांचं काय? त्यांना यातलं काहीच येत नाही. इथे घरी बनवलेला, काढता-घालता येणारा कॅमेरा खरंच कामाचा आहे. आणि तो बनवायची अक्कल नाशिकच्या डिप्लोमाच्या प्रत्येक वर्गात आहे. दरवर्षी मिनी प्रोजेक्टला ‘रिव्हर्स पार्किंग सेन्सर’ करून, मार्क घेऊन, माळ्यावर टाकून देणारे किती जण आहेत, हात वर करा.

त्या प्रोजेक्टमध्ये लावता तो अल्ट्रासॉनिक सेन्सर इथे चालणार नाही, हे आधीच सांगतो. एचसी-एसआर०४ ला पाऊस आणि चिखल सोसत नाही. त्याचा पाणीरोधक भाऊ मिळतो, पण त्याला अगदी वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, आणि समोर माणूस आहे की गवताचा झुपका हे तो सांगत नाही. कॅमेरा सांगतो.

सगळ्यात स्वस्त रस्ता ईएसपी३२-कॅमचा. काडेपेटीएवढा बोर्ड, त्यावर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा, स्वतःचं वायफाय. पाच व्होल्टवर, म्हणजे साध्या पॉवर बँकवर चालतो. दहा हजार एमएएचची बँक एक दिवस सहज काढते. डबीत घालायचा, मागे चुंबकानं चिकटवायचा, मोबाइल त्याच्या वायफायला जोडायचा, झाला रिव्हर्स कॅमेरा. व्हिडिओत हे एवढंच दाखवतात. टेबलावर ते चालतंही. ट्रकवर गेलं की गंमत सुरू होते.

पहिली अडचण आपल्या नाशिकचीच आहे. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाणी शोषून घेतं. आणि कांदा म्हणजे काय? बहुतांश पाणीच. द्राक्षाचं तर विचारूच नका. रिकामी गाडी असताना फोनवर झकास दिसणारं चित्र, गाडी भरली की अडखळायला लागतं. त्यात लोखंडी हौदा मध्ये. बोर्डावरचा छोटासा अँटेना तिथे पुरत नाही. बाहेरचा अँटेना लावावा लागतो आणि त्यासाठी बोर्डावरचा तांदळाच्या कणीएवढा जोड बदलून सोल्डर करावा लागतो. हात स्थिर असेल तर करा, नाहीतर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. तो दोन मिनिटांत करतो.

दुसरी अडचण, चित्र उशिरा येणं. हा भाग सोडू नका, कारण इथे चूक झाली तर कॅमेरा नसलेला बरा. समजा, चित्र अर्धा सेकंद मागे आहे. ट्रक ताशी पाच किलोमीटरनं मागे येतोय, म्हणजे सेकंदाला साधारण १.४ मीटर. स्क्रीनवर जे दिसतंय, त्याच्या ७० सेंटिमीटर पुढे गाडी प्रत्यक्षात गेलेली असते. सत्तर सेंटिमीटर म्हणजे भिंत आणि फाळका यांच्यात उभा असलेला माणूस! युरोपात आरशाऐवजी कॅमेरा लावायचा असेल तर हा उशीर २०० मिलिसेकंदांच्या आत हवा, असा नियम आहे. तुमचा किती आहे, ते मोजणं सोपं आहे. एका फोनवर स्टॉपवॉच चालू करून कॅमेऱ्यासमोर धरा, ज्या फोनवर चित्र येतंय तो शेजारी ठेवा आणि तिसऱ्या फोननं दोन्हींचा एकत्र फोटो काढा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचा उशीर. पाच-सहा वेळा करा, आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा खरा धरा. उशीर जास्त असेल तर चित्राचा आकार कमी करा. ठिपके कमी असले तरी चालतील, ताजं चित्र हवं.

तिसरी अडचण फोनची स्वतःची. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नसतं, म्हणून शहाणा फोन ते सोडून गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि नेमकं गाडी मागे घेताना. त्यामुळे डेटा बंद करून ठेवा. शिवाय नियमानं गाडी चालवताना मोबाइल फक्त रस्ता बघायला वापरता येतो. तेव्हा फोनवाला जुगाड हा यार्डात, शेतावर, बाजार समितीच्या आवारात वापरायचा. रस्त्यावरच्या ट्रकला केबिनमध्ये घट्ट बसवलेला वेगळा छोटा स्क्रीनच हवा.

माझं मत विचाराल तर ट्रकला वायरच टाका. द्वारका ते सारडा सर्कलच्या पट्ट्यात हिंडलात तर कॅमेरा, स्क्रीन, पंधरा-वीस मीटरची केबल हे सगळं काही हजारांत जमतं आणि उशिराची कटकट जवळजवळ संपते. घेताना एक बघा, कॅमेरा आणि स्क्रीन एकाच जातीचे हवेत. एएचडी कॅमेरा जुन्या साध्या स्क्रीनला जोडला तर काळं चित्र येतं, आणि मग दुकानदार आणि तुम्ही दोघं एकमेकांना दोष देत बसता.

इथे नवशिके हमखास जळतात, म्हणजे त्यांचे कॅमेरे जळतात. कारची वीज १२ व्होल्ट, ट्रकची २४. इंजिन चालू असताना तर २८ च्या घरात. कारचा कॅमेरा ट्रकला थेट जोडला की धूर. मग कुणीतरी हुशार माणूस सुचवतो, दोन बॅटऱ्या आहेत ना, एकीवरूनच १२ घे. असं करू नका. एक बॅटरी जास्त वापरली जाते, दुसरी कमी. दोघींचं चार्जिंग बिघडतं आणि काही महिन्यांत दोन्ही बदलायची वेळ येते. काही शे रुपयांच्या कॅमेऱ्यासाठी हजारोंच्या बॅटऱ्या घालवायच्या! त्यापेक्षा २४ चे १२ किंवा ५ करणारा कन्व्हर्टर लावा, तो तीस व्होल्टच्या वर सोसणारा असल्याची खात्री करा, आणि बॅटरीच्या जवळच फ्यूज टाका. फ्यूज विसरलात तर आग लागू शकते, ही भीती घालायला सांगत नाही, खरंच लागते. कंपनीची वायर कापून जोड द्यायचा मोहही टाळा, पुढे वॉरंटीचा आणि विम्याचा प्रश्न येतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट वेगळी. तिथे वीज १२ व्होल्टचीच, पण ट्रॉली रोज बदलते. म्हणून काढता-घालता येणारा बिनवायरचा कॅमेरा तिथे शोभतो. ट्रॉली मागे घेणं किती अवघड, हे शेतकऱ्याच्या घरातल्यांना सांगायला नको. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग आधी उजवीकडे मारायचं. जरा जास्त झालं की ट्रॅक्टर आणि ट्रॉली चिमट्यासारखे मिटतात. कॅमेरा ट्रॉलीच्या मागे काय आहे ते दाखवतो, चिमटा मिटतोय हे दाखवत नाही. त्यासाठी मान वळवावीच लागते.

बसवताना उंचावर लावा आणि खाली झुकवा, इतका की स्क्रीनच्या तळाशी फाळक्याची किंवा बंपरची कड दिसली पाहिजे. कड दिसत नसेल तर अंतराचा अंदाज येत नाही. चित्र आरशासारखं उलटं करा, म्हणजे डावीकडचा माणूस डावीकडेच दिसेल. सेटिंगमध्ये ते एका टिचकीचं काम आहे, पण विसरलात तर ड्रायव्हर बरोबर चुकीच्या बाजूला कट मारेल. चुंबक लाकडी फाळक्याला किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीला चिकटत नाही, तिथे क्लॅम्प हवा. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ देऊ नका. आणि रात्रीचं फार स्वप्न बघू नका. त्या स्वस्त कॅमेऱ्याला अंधारात काळी मांजर सोडाच, पांढरी गायही दिसत नाही. रिव्हर्सचा पांढरा दिवा चालू आहे का, ते आधी बघा. निम्म्या गाड्यांचा तो गेलेलाच असतो.

हे सगळं झाल्यावर परीक्षा घ्यायची, आणि ती मित्राला मागे उभं करून नाही! अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या कार आणि हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. मागे घेतल्या जाणाऱ्या गाड्यांखाली लहान मुलं सापडत होती, बहुतेकदा घरच्याच गाडीखाली. त्यांच्या पालकांनी लावून धरलं म्हणून तो कायदा झाला. तिथली चाचणी अशी की ८० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर जाड नळकांडी गाडीच्या मागे ठराविक ठिकाणी उभी करतात आणि ती स्क्रीनवर दिसली पाहिजेत. रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे. ऐंशी सेंटिमीटर का, तर दीड वर्षाचं मूल साधारण तेवढंच असतं. तेवढ्या उंचीचा पुठ्ठ्याचा डबा करा, फाळक्याला चिकटून ठेवा, दोन्ही कोपऱ्यांना ठेवा, तीन मीटरवर, सहा मीटरवर ठेवा. जिथे तो दिसत नाही, ती जागा खडूनं आखा आणि ड्रायव्हरला केबिनमधून खाली उतरवून दाखवा. दाखवल्याशिवाय गाडी त्याच्या हातात देऊ नका.

आता जरा थांबून एक कडू गोष्ट. १२ जानेवारी २०२५ च्या रविवारी संध्याकाळी याच द्वारकेच्या उड्डाणपुलावर लोखंडी सळया भरलेल्या ट्रकवर एक पिकअप मागून आदळली. धार्मिक कार्यक्रम उरकून निफाडच्या बाजूनं सिडकोकडे परत येणारी मंडळी होती, त्यात तरुण मुलं होती. ट्रकच्या बाहेर आलेल्या सळयांनी घात केला. कुठलाही रिव्हर्स कॅमेरा तो अपघात टाळू शकला नसता, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. देशात २०२२ मध्ये ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली, आणि अपघातांच्या प्रकारांत सगळ्यात मोठा वाटा, पाचातला एकाहून जास्त, ‘मागून धडक’ याचा होता. म्हणजे ट्रकच्या मागचा भाग ड्रायव्हरला दिसत नाही हा एक प्रश्न आणि तो मागून येणाऱ्यांना दिसत नाही हा दुसरा, बहुधा जास्त मोठा. त्यावर उपाय स्वस्त आहेत. लाल परावर्तक पट्टी, चालू दिवे, बाहेर न लोंबणारा माल, खाली नीट बसवलेला लोखंडी गार्ड. कॅमेरा लावायला कुणी ट्रक तुमच्याकडे आणला, तर स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या मागची धूळ पुसून पट्टी चमकतेय का, एवढं बघा. यासाठी डिप्लोमा लागत नाही.

आणि तो स्लीपरवाला पोरगा? सरकारच्या मसुद्यावर माझी तक्रार तिथेच आहे. कॅमेरा यावाच, पण तो आला म्हणून माणूस गेला, हा हिशेब मला पटत नाही. लंडनमध्ये बारा टनांवरच्या ट्रकना किती दिसतं, याचे तारे देतात. ऑक्टोबर २०२४ पासून तिथे किमान तीन तारे लागतात, नाहीतर कॅमेरे-सेन्सरचा पूर्ण संच बसवावा लागतो. पण तारे देताना काय मोजतात, तर ड्रायव्हरला काचेतून, स्वतःच्या डोळ्यांनी किती दिसतं ते. कॅमेऱ्याचा नंबर त्यानंतर. आपल्याकडे मात्र यंत्राची पावती दाखवली की माणसाची सुट्टी, असं होण्याची दाट शक्यता आहे. ती सिस्टीम म्हणजे नेमकं काय धरणार, आणि तीन वर्षांनी काचेवर चिखल साचल्यावर ती चालू आहे का हे कोण बघणार, याची उत्तरं त्या नियमात स्पष्ट असायला हवीत.

क्लीनर फक्त मागे बघत नाही. टायरवर हातोडी मारून हवा ओळखतो, दोरी ताणतो, रात्री ड्रायव्हरला बोलतं ठेवतो, रिक्षावाल्याशी भांडतो. आणि हे करता करता ड्रायव्हर होतो. मालवाहू गाडीच्या लायसन्ससाठी वय वीस लागतं आणि आधी हलक्या वाहनाचं एक वर्ष जुनं लायसन्स लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली, म्हणून शाळा सुटलेल्या कित्येकांना ही वाट खुली झाली. पण लायसन्सच्या परीक्षेत सळयांनी भरलेला ट्रक द्वारकेच्या गल्लीतून मागे कसा काढायचा, हे कुणी शिकवत नाही. ते उस्तादाच्या शेजारच्या सीटवर बसूनच शिकावं लागतं. ती सीट रिकामी केली तर दहा वर्षांनी ड्रायव्हर आणणार कुठून? मालक आजच ओरडतायत की ड्रायव्हर मिळत नाहीत.

त्यात वर्ष कोणतं आहे बघा. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, २०२७ च्या पावसाळ्यात पर्वण्या. रस्त्यांची, पुलांची, साधुग्रामची कामं म्हणजे खडीचे डंपर, सिमेंटचे मिक्सर आणि सळयांचे ट्रेलर शहरभर पुढे-मागे करणार. ते मागे येतील तेव्हा आपण क्लासला निघालेलो असू.

तुमच्या घरी, शेजारी, गावाकडे कुणाचा ट्रक किंवा ट्रॉली असेल तर या सुट्टीत हा प्रोजेक्ट माळ्यावरून खाली काढा. कॅमेरा लावून द्या, पण क्लीनरला त्यातून काढू नका. उलट स्क्रीनवरच्या रेषा त्याच्याच हातून आखून घ्या, कारण कुठे काय दिसत नाही हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि जाताना एक जुनं फडकं देऊन या. केबिनमध्ये दर शनिवारी लिंबू-मिरची बदलतात ना, त्याच्या शेजारीच ते अडकवायला सांगा. लिंबू-मिरची बदलली की मागे जाऊन कॅमेऱ्याची काच पुसायची.